मीटरमध्ये एलईडी टाकल्यापासून बॅटरी उतरते? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

तालुका प्रतिनिधी

जुन्या गाडीचं मीटर रात्री दिसत नाही, ही तक्रार आपल्या भागात घरोघरी आहे. मारुती ८००, ओम्नी, सुमो, जुनी बोलेरो अशा गाड्या अजून दुधाला, बाजाराला, दवाखान्याला रोज पळतात. पंधरा-वीस वर्षांत मीटरमागचे बल्ब काळे पडतात, काटा कुठं आहे ते कळत नाही. मग कुणीतरी मोबाईलवर रील बघतं, दुकानातून एलईडीची पुडी आणतं आणि एका दुपारात मागचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवतं. मीटर लखलखतं. आठ-दहा दिवसांनी मात्र सकाळी चावी मारली की सेल्फ नुसता टक टक करतो.

यात बहुतेक जण पहिला दोष बॅटरीला देतात. बॅटरी चार्जिंगला लावतात, पुन्हा उतरते. मग नवी घेतात. चार-पाच हजार घालवून आणलेली ती नवी बॅटरीही पुन्हा त्याच वाटेनं जाते. बॅटरीचा यात काहीच दोष नसतो. दोष असतो करंगळीच्या नखाएवढ्या एका बल्बच्या जागी बसवलेल्या एलईडीचा. तो कोणता आणि का, ते नीट समजून घेऊ. याच मीटरमध्ये दुसरी एक बत्ती अशी आहे की ती चुकली तर बॅटरी नाही, थेट इंजिन जातं.

मीटरमागे दोन जातीचे बल्ब

मीटर उघडलं की मागे सगळे बल्ब सारखेच दिसतात. पण त्यांची कामं दोन वेगळी आहेत. काही बल्ब नुसता उजेड पाडतात. हेडलाइटचं बटण फिरवलं की आकडे आणि काटे दिसावेत एवढंच त्यांचं काम. त्यांच्या जागी एलईडी टाकला तर गाडीच्या तब्येतीवर काही परिणाम होत नाही. फार तर मधे झगझगाट आणि कोपऱ्यात अंधार होतो, कारण साधा बल्ब चहूकडे उजेड टाकतो आणि स्वस्त एलईडी फक्त समोर टाकतो. बाजूंनाही चिप असलेला एलईडी घेतला की हा प्रश्न बराचसा मिटतो. उजेड कमी-जास्त करायची जुन्या पद्धतीची फिरकी असेल तर ती एलईडीवर नीट चालत नाही, एवढं धरून चालायचं.

दुसरी जात इशाऱ्याच्या बत्त्यांची. बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, डिझेल-पेट्रोल संपत आल्याची, साइड इंडिकेटरची, अप्परची. इथं बल्ब नुसता दिवा नसतो, तो त्या वायरिंगचा एक भाग असतो. त्यातून किती करंट जातो यावर काही ठिकाणी पुढचं काम अवलंबून असतं. गडबड होते ती इथं.

बॅटरीची लाल बत्ती काय काम करते

डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि बॅटरी भरतो. पण नुसता फिरून तो करंट तयार करत नाही. आतल्या फिरणाऱ्या गुंडाळीत आधी चुंबक तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी सुरुवातीला बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो. विहिरीवरच्या मोटारीचं जसं असतं तसंच. फुटव्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झाला असेल तर मोटार कितीही फिरवा, पाणी येत नाही. आधी वरून पाणी भरावं लागतं. एकदा पाणी धरलं की मग ती आपली आपण ओढते.

जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला हे ‘पहिलं पाणी’ मीटरमधल्या बॅटरीच्या लाल बत्तीतून मिळतं. चावी फिरवली की करंट चावीकडून बल्बमध्ये, बल्बमधून बारीक वायरनं अल्टरनेटरमध्ये आणि तिथून गुंडाळीत जातो. म्हणून इंजिन चालू व्हायच्या आधी लाल बत्ती लागते. इंजिन चालू झालं, अल्टरनेटरनं करंट धरला, की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि बत्ती विझते. विझली म्हणजे चार्जिंग चालू, असा तो इशारा.

आता हिशेब बघा. ३ वॉटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर साधारण २५० मिलिॲम्पिअर करंट जाऊ देतो. १.२ वॉटचा बारका बल्बही १०० मिलिॲम्पिअर देतो. त्या जागचा एलईडी जेमतेम १० ते २० मिलिॲम्पिअर ओढतो. आपण म्हणतो, बरंय, वीज वाचली. पण मोटारीत तांब्याभर पाणी ओतायचं तिथं आपण चमचाभर ओतलं. अल्टरनेटर फिरतो, पण पाणी धरत नाही.

त्यातही दोन प्रकार होतात. एलईडी सरळ बसला असेल तर इंजिन चालू झाल्यावरही लाल बत्ती लागलेलीच राहते आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला की एकदम विझते. उलटा बसला असेल तर बत्ती कधी लागतच नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. बत्ती लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं ड्रायव्हरला वाटतं आणि गाडी सगळा वेळ बॅटरीवर चालत असते.

जोरात रेस दिल्यावर अल्टरनेटरमध्ये उरलेल्या जुन्या चुंबकावर तो बऱ्याचदा काम धरतो. एकदा धरला की इंजिन बंद होईपर्यंत सोडत नाही. म्हणूनच लोक सांगतात, ‘जिल्ह्याला जाऊन आलो की बॅटरी चांगली राहते, गावातल्या गावात फिरलो की उतरते.’ हे वाक्य ऐकलं की बॅटरीवाल्याकडे जाण्याआधी मीटरमध्ये कुणी हात घातला होता का ते विचारावं.

सगळ्याच गाड्यांत असं होत नाही. काही गाड्यांच्या मीटरमध्ये कंपनीनंच बल्बच्या जोडीला एक रेझिस्टर दिलेला असतो, त्यातून पुरेसा करंट जातो. नव्या गाड्यांत चार्जिंगचं काम कॉम्प्युटर सांभाळतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत एलईडी चालला म्हणजे तुमच्यातही चालेल असं नाही. जुन्या ट्रॅक्टरलाही अल्टरनेटर आणि लाल बत्ती असेल तर वर सांगितलेलं तिथंही तपासून घ्या.

घरच्या घरी तपासणी

एक साधा मल्टिमीटर लागतो. मोटारीच्या स्टार्टरसाठी बऱ्याच घरांत असतोच. तो डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर ठेवायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावला की चांगली भरलेली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आता गाडी चालू करा, पण रेस अजिबात देऊ नका. आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास गेला तर चार्जिंग ठीक आहे. साडेबाराच्या खालीच राहिला आणि हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग नाही.

मग एकदा जोरात रेस देऊन सोडा. आकडा उडी मारून चौदाच्या घरात गेला आणि रेस सोडल्यावरही तिथंच राहिला, तर अल्टरनेटर चांगला आहे, त्याला सुरुवातीचा करंट मिळत नाही. म्हणजे मीटरमधला एलईडी, किंवा जुना बल्बच उडालेला, किंवा ती बारीक वायर तुटलेली. रेस देऊनही आकडा हलला नाही तर पट्टा, कार्बन ब्रश, रेग्युलेटर यांच्याकडे जावं लागेल. तिथं एलईडीला दोष देऊ नका.

मल्टिमीटर नसेल तर अंधारात भिंतीकडे तोंड करून हेडलाइट लावा आणि रेस द्या. उजेड एकदम वाढला आणि वाढलेलाच राहिला तर अंदाज येतो. पण आपल्याकडे एक वाईट सवय आहे. चालू इंजिनवर बॅटरीची एक वायर काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं. हे कुणी कितीही मोठा मिस्त्री करत असला तरी करू देऊ नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचे व्होल्ट क्षणात वर उसळतात आणि त्यात त्याचे डायोड, गाडीतला कॉम्प्युटर, टेप, काहीही उडू शकतं.

उपाय सोपा, पण नीट करायचा

पहिला आणि माझ्या मते एकमेव शहाणा उपाय म्हणजे बॅटरीच्या बत्तीला जुन्याच वॉटचा साधा बल्ब परत लावणं. ही बत्ती इंजिन चालू असताना बंदच असते, मग तिथं एलईडी लावून मिळवायचं काय? वीज वाचत नाही, शोभाही दिसत नाही.

तरीही कुणाला एलईडीच हवा असेल तर त्या बल्बच्या दोन टोकांना जोडून एक रेझिस्टर लावावा लागतो. २ वॉटच्या आसपासच्या बल्बच्या जागी ६८ ओहमचा, ५ वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर चालतो. १२ व्होल्टवर त्यात दोन वॉटच्या वर उष्णता होते, म्हणून बारका पाव वॉटचा रेझिस्टर लावला तर जळून मीटरच्या मागे वास येईल. पांढरा लावला तरी तो प्लॅस्टिकला किंवा वायरला चिकटून ठेवायचा नाही. आणि महत्त्वाचं, त्याचं एक टोक चावीनंतरच्या वायरलाच हवं. कुणी सोपं म्हणून थेट बॅटरीला जोडलं तर गाडी बंद असतानाही रात्रभर गुंडाळीत करंट जात राहतो आणि ज्या रोगासाठी औषध आणलं तोच रोग वाढतो. सोल्डरिंग येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच हे करून घ्यावं.

ऑइलची बत्ती लागली नाही तर गाडी चालू करू नका

आता दुसरी बत्ती. ऑइलच्या बत्तीचं वायरिंग सरळ आहे. इंजिनवर एक खटका असतो. ऑइलचा दाब नसला की खटका जोडलेला राहतो आणि बत्ती लागते, दाब आला की सुटतो आणि विझते. इथं करंट कमी असला तरी चालतं, म्हणून एलईडी काम करतो. अडचण दिशेची आहे.

साध्या बल्बला प्लस-मायनस नसतं, कसाही लावा, लागतो. एलईडी एकाच दिशेनं लागतो. उलटा बसला की गप्प. उजेडाचा बल्ब उलटा बसला तर लगेच कळतं, कारण तिथं अंधार राहतो. ऑइलचा उलटा बसला तर काहीच कळत नाही, कारण ती बत्ती बंद असणं हेच आपल्याला चांगलं लक्षण वाटतं. एखाद्या दिवशी दगड लागून चेंबर फुटलं, ऑइल गेलं, तरी मीटर शांतच. कळतं ते इंजिन धरल्यावर. तेव्हा खर्च एलईडीच्या पुडीचा राहत नाही, क्रँक आणि बेअरिंगचा होतो.

यावर उपाय दहा सेकंदांचा. मीटरचे स्क्रू आवळण्याआधी सगळे कनेक्टर लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू न करता चावी फिरवा. बॅटरी, ऑइल आणि हँडब्रेक या तिन्ही बत्त्या लागल्याच पाहिजेत. जी लागली नाही तिचा एलईडी होल्डरसकट काढून अर्धा फिरवून उलट्या बाजूनं बसवा. तरी नाही लागली तर जुना बल्ब लावून बघा. बल्ब लागतो पण एलईडी लागत नाही, तर एलईडी खराब किंवा सैल. बल्बही लागत नाही, तर वायरिंग बघा. त्यानंतर इंजिन चालू करून ऑइलची बत्ती विझते का, तेही बघायचं.

दुकानात दोन्ही बाजूंनी लागणारे, बिनदिशेचे एलईडी मिळतात. घ्यायचेच तर ते घ्या. फक्त त्यानं दिशेचा प्रश्न सुटतो, बॅटरीच्या बत्तीतल्या करंटचा सुटत नाही.

बत्ती मंद मंद जळत राहते

बऱ्याच जणांची तक्रार असते की एलईडी लावल्यापासून एखादी बत्ती कधी पूर्ण विझतच नाही. साध्या बल्बची तार लाल व्हायला बराच करंट लागतो, थोडाफार आला तर तो दिसत नाही. एलईडी मात्र एक-दोन मिलिॲम्पिअरवरही मिणमिणतो. पूर्वीही तिथं थोडा करंट येतच होता, आता तो दिसायला लागला.

पण बॅटरीची बत्ती मंद जळत असेल तर ‘एलईडी आहे, असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. साधा बल्ब लावून रात्री बघा. तोही मंद जळत असेल तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो किंवा वायरीचा जोड गंजलेला असू शकतो. बल्ब पूर्ण विझला आणि व्होल्टही बरोबर असले तर काळजी नाही.

तेलाच्या टाकीच्या बत्तीची गंमत वेगळी आहे. काही जुन्या गाड्यांत टाकीत थर्मिस्टर नावाचा बारका मणी असतो. डिझेल-पेट्रोलमध्ये बुडालेला असताना तो थंड राहतो आणि करंट अडवतो. पातळी खाली गेली की उघडा पडतो, बल्बच्याच करंटनं तापतो, मग करंट जाऊ देतो आणि बत्ती लागते. एलईडीच्या चिमूटभर करंटनं तो तापतच नाही. उलट टाकी भरलेली असतानाही एलईडी मिणमिणत राहतो. म्हणजे भरलेल्या टाकीला संपल्याचा इशारा आणि संपलेल्या टाकीला नीट इशाराच नाही. ही बत्ती चावी फिरवून तपासताही येत नाही, म्हणून इथं जुना बल्बच ठेवावा.

साइड एकाच बाजूची दिसते

काही जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरवर डाव्या-उजव्या दोन्ही साइडसाठी मीटरमध्ये एकच बत्ती असते. ती दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मधे जोडलेली असते. डावी साइड दिली की करंट एका दिशेनं, उजवी दिली की उलट दिशेनं. बल्बला फरक पडत नाही, साधा एलईडी मात्र एकाच साइडला लुकलुकतो. बिनदिशेचा एलईडी किंवा जुना बल्ब, दोन्ही चालतात. मीटरमधला एलईडी बदलल्यानं साइड भरभर लुकलुकत नाही. तसं होत असेल तर कुणीतरी बाहेरचे २१ वॉटचे बल्बही एलईडी केले असणार. जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. तिथं एलईडीला चालणारा फ्लॅशर बदलावा लागतो.

रंगाचंही एक आहे. मीटरच्या काचेमागे लाल, हिरवी, निळी फिल्म असते. पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो, त्यामुळे लाल फिल्ममागे तो फिकट गुलाबी आणि मंद दिसतो. उन्हात तर दिसतच नाही. लाल बत्तीला लाल एलईडी, हिरव्याला हिरवा.

मीटर उघडताना

आधी बॅटरीची मायनस वायर काढा. मीटर जोरात ओढू नका, जुन्या गाडीत मागे स्पीडोमीटरची केबल असते, तिची लॉक दाबून ती आधी सोडवायची. मीटरच्या पाठीला पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. त्याच रेघा म्हणजे वायरिंग. पेचकस निसटून एक रेघ तुटली की चार बत्त्या एकदम जातात. बल्बचा होल्डर हातानंच थोडा फिरवून काढायचा.

बल्ब कोणत्या मापाचा आहे ते काढल्यावर बघा. बारका असेल तर टी-५, थोडा मोठा टी-१०. नमुना घेऊनच दुकानात जा. एलईडीचे पाय बारीक असतात, होल्डरमध्ये हलतात. आपल्या रस्त्यांवर तो आठ दिवसांत सैल होतो, म्हणून पाय किंचित वाकवून घट्ट बसवायचे. घरातल्या लायटिंगच्या माळेतला ३ व्होल्टचा एलईडी थेट लावला तर जागीच उडतो. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथं १२ चा चालत नाही. आणि बसवताना फ्यूज उडाला तर त्याच ॲम्पिअरचा फ्यूज टाका, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरचा तुकडा नाही.

एअरबॅग, एबीएस आणि इंजिन चेकच्या बत्त्या गाडीत असतील तर त्या आहेत तशा ठेवा. त्यामागे कॉम्प्युटर असतो. काही गाड्यांत तो बल्बची वायर सतत तपासत असतो आणि वेगळा करंट दिसला की बिघाड नोंदवतो. एअरबॅगच्या वायरिंगमध्ये तर मल्टिमीटरही लावायचा नाही.

काढलेले जुने बल्ब कागदात गुंडाळून, वर कोणत्या बत्तीचा कोणता ते लिहून, गाडीच्या कप्प्यात ठेवा. आणि एलईडी दुकानात बसवून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिथंच चावी फिरवून तिन्ही लाल बत्त्या लागतात का, आणि रेस न देता चार्जिंगचा आकडा किती येतो, ते दुकानदारासमोर बघून घ्या.